पलीकडे एक जास्त

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची आम्ही काही हौशी मंडळी पायवाट करतोय. ती जिथे मोठा रस्ता ओलांडते तिथे सिग्नल हवा, म्हणून रोज सकाळी माणसं मोजायची. अलीकडून रस्त्यात पाऊल टाकणारी माणसं मी मोजते, पलीकडे पोचणारी माझे धाकटे दीर.

सोमवारी माझी एक्केचाळीस झाली, त्यांची बेचाळीस. मंगळवारीही त्यांचा एक जास्त.

"भाऊजी, आधी चष्मा बदला," मी चिडलेच. "असले आकडे दिले तर सिग्नल मिळाला आपल्याला!"

बुधवारी जागा बदलल्या. तरी पलीकडे एक जास्तच. कपडे वाळत घालतानाही तो एक माझ्या डोक्यातून जाईना.

गुरुवारी भाऊजी पुन्हा पलीकडे थांबले आणि कुणी यायच्या आत मी एकटीनेच ओलांडून बघायचं ठरवलं. पिवळं जॅकेट घातलं, दोन्हीकडे पाहिलं आणि सावकाश चालत भाऊजींजवळ जाऊन उभी राहिले.

"एक," म्हणत त्यांनी वहीत रेघ ओढली. मला हायसं वाटलं.

पण पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी समोर हात केला.

"वहिनी, या आता. रस्ता मोकळा आहे."

समोरून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "आलेच, भाऊजी. तुम्ही आधी चष्मा बदला."