परताव्याची झडप

"ही नाही," बाबा म्हणाले आणि पितळी झडप त्यांनी परत ट्रेमध्ये टाकली. "कड जाड आहे. आधीच्या मॉडेलची."

भंगारवाल्यानं मान हलवली. "मेकॅनिकसाहेब, तुमची झडप म्हणजे उंबराचं फूल. चार वर्षं झाली, तुम्ही काही पिच्छा सोडत नाही."

"मिळेल. पुलापलीकडच्या बाजारात बघू आता."

मुलीनं पर्समधून गाडीची किल्ली काढली. दर रविवारी हेच.

बाबांनी एकतीस वर्षं रस्त्यावरचे, नाणं टाकून बोलायचे फोन दुरुस्त केले होते. ते फोन भंगारात निघाले तेव्हा त्यांनी त्यातला एक घरी आणला. नुसता सांगाडाच होता. मग एका बंद पडलेल्या लॉजच्या अडगळीत डायल मिळाली. रिसीव्हर एका नाटक कंपनीच्या सामानात सापडला. आता एकच वस्तू राहिली होती. फोन लागला नाही की नाणं जिथे परत पडतं, त्या खोबणीवरची झडप.

हा शोध सुरू झाला आई गेल्यानंतर. मुलीच्या लग्नाला बाबा आले नव्हते, आणि त्यानंतर आठ वर्षं ती या घराची पायरी चढली नव्हती. आईसाठी आली. दिवसकार्य उरकल्यावर दोघं समोरासमोर बसले, चहा प्यायले, आणि दहा मिनिटांत बोलणं संपलं. ती उठली तेव्हा बाबा कपाकडे बघत म्हणाले, "जुन्या बाजारात एक वस्तू बघायची होती. मला गाडी चालवता येत नाही."

गाडीत दोघांनाही समोर बघायचं असे, त्यामुळे बोलणं सोपं जाई. आधी स्क्रू आणि स्प्रिंगांबद्दल. मग आईबद्दल. दुसऱ्या वर्षी बाबांनी सिग्नलला थांबल्यावर विचारलं, "जावईबापूंना पितळ घासायला जमेल का? बघ विचारून." जावईबापूंनी एक अख्खी दुपार पितळ घासलं. बाबा म्हणाले, "बरं घासतो." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं कडंच.

तिला झडप मिळाली ती चौदा महिन्यांपूर्वी. ऑफिसच्या कामासाठी ती परगावी गेली होती. तिथल्या एका घड्याळजीच्या दुकानात, काचेखाली, पट्ट्यांच्या शेजारी ती पडली होती. त्या रविवारी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तिनं ती फोनवर लावून पाहिली. चपखल बसली.

तिनं ती काढली आणि पर्समध्ये टाकली. पुढच्या रविवारी देऊ, असं तिनं ठरवलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच ठरवलं. हळूहळू झडप तिच्या कपाटात लोकरीच्या कपड्यांमागे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा घालायला गाडी तीच चालवत होती.

पुलापलीकडच्या बाजारात बाबांनी एक स्प्रिंग उचलली. ती हातातून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा दुकानदारानंच ती उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरीकडे पाहिलं.

"हात ऐकत नाहीत हल्ली," गाडीत बसताना बाबा म्हणाले.

तिनं गाडी सुरू केली. आठवडाभर मात्र दुसरं काही सुचलं नाही. आणखी सहा महिन्यांनी त्या हातांना स्क्रू धरता आला नाही तर? चार वर्षं एक माणूस एका वस्तूमागे पायपीट करतोय आणि ती वस्तू आपल्या स्वेटरांमागे आहे. मुलगी म्हणवून घ्यायला तोंड राहिलं नव्हतं.

रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली. बाबा सदरा घालून तयारच होते. तिनं रुमाल उलगडून झडप टेबलावर ठेवली.

"बाबा, ही चौदा महिने माझ्याकडे आहे. मी बसवून पाहिली, बरोबर बसते. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

"का?"

"फोन पुरा झाला की तुम्हाला माझं काही काम उरणार नाही, असं वाटलं."

बाबांनी चष्मा लावला. कडेवरून अंगठा फिरवला. झडप उलटी करून बिजागरी पाहिली. तिची मान खाली गेली.

"हीच," शेवटी ते म्हणाले.

"स्क्रू ड्रायव्हर आणू? मी धरते, तुम्ही फिरवा."

बाबा उठले. कामाच्या टेबलाशी गेले आणि त्यांनी सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. आत स्वच्छ फडक्यावर हुबेहूब तसल्याच, पातळ कडेच्या पाच झडपा ओळीनं मांडल्या होत्या. त्यांनी तिची झडप सहावी म्हणून शेवटी ठेवली, ड्रॉवर लावला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल," ते म्हणाले, "उशीर केला तर बाजार उठेल."