ओरिजिनल कार्ट्रिज

आखातातल्या गाला या भागातल्या आमच्या ऑफिसात मी, धनेश, बारा वर्षं परचेस बघतोय. प्रिंटरची कार्ट्रिज मागवताना माझी एकदाही चूक झालेली नाही. स्वतः सुट्टीवर कॅनडाला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या अर्बाबनी, म्हणजे मालकांनी, फोन केला, "ग्रिझलीसाठी चांगली कार्ट्रिज बघ आणि माझ्या बॅगेत टाक. यल्ला, चल लवकर!"

ग्रिझली हे कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण मालकाला उलट विचारून अडाणी कोण ठरणार? मी सरळ शाहबाजच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "अरे, ब्लॅक की कलर, एवढं तरी विचार."

विचारलं. अर्बाब म्हणाले, "ब्लॅक नाही, ब्राउन. ब्लॅक लहान असतं."

"रिफिल केलेली चालेल?"

"वेडा आहेस का? ओरिजिनल पाहिजे, सगळ्यात भारी! पहिल्याच फटक्यात काम खलास झालं पाहिजे."

ब्राउन येतच नाही म्हणून शाहबाजने दुकानातली सगळ्यात महाग कलर कार्ट्रिज दिली. मी खोक्याला नीट टेप लावून ते अर्बाबच्या बॅगेत ठेवलं.

आठवड्याने कॅनडाहून मेसेज आला, "धनेश, कार्ट्रिज बसत नाही!"

हे तर आमच्याकडे रोजचंच. मी लिहिलं, "काढा, जोरात हलवा आणि परत बसवा."

लगेच उत्तर आलं.



"बंदूक घेऊन झाडावर बसलोय. कार्ट्रिज हलवली. खालचं ग्रिझली अस्वल हलत नाही."