आठ दिवसांचं तेल

या, असे जरा जवळ सरकून बसा. एका बोटीच्या चाकाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण ऐकण्याजोगी आहे.

चाक गरगर फिरत होतं आणि बोट मात्र नाकासमोर धक्क्याकडे चालली होती. बोटवाल्याने डावीकडे चार वेढे दिले. काही नाही. चाक हाताला लोण्यासारखं मऊ लागत होतं. बोटीत चौदा माणसं. त्याने देवाचं नाव घेतलं, इंजिन उलटं टाकलं, आणि धक्का हातभर उरला असताना बोट थांबली. एका बाईंची छत्री पाण्यात गेली, तेवढ्यावर निभावलं.

दुपारी मिस्त्री आला. बोटवाल्याच्या वडिलांचा हा जुना दोस्त. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती.

"काका, सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच ह्या चाकाला नवी नळी बसवलीत," बोटवाला ताडताड बोलला. "चौदा जीव होते बोटीत! उद्या माझ्या बोटीत कुत्रं तरी चढेल का?"

मिस्त्रीने चाकामागच्या पंपाचं झाकण उघडून आत काडी घातली. काडी कोरडी आली.

"तेल उतरलंय. चाक तेलाला ढकलतं आणि तेल मागच्या इंजिनाला वळवतं. सकाळी तू हवेला ढकलत होतास, बाबा."

मग तो पालथा पडून चाकाखालच्या बंद कप्प्यात शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. आतून तेलाने थबथबलेल्या चिंध्या बाहेर आल्या, एक जुनं जाकीट आलं. मग तो डब्याने तेल उपसू लागला. एक डबा, दुसरा, तिसरा...

"नळीचा नट सैल आहे," आतूनच आवाज आला. "अर्धा आटा. माझ्याच हातचा. चुकलो मी."

बोटवाल्याच्या तोंडात अजून बऱ्याच शिव्या शिल्लक होत्या. त्या तिथेच विरघळल्या.

मिस्त्री बाहेर आला. डब्यांकडे बघत डोकं खाजवू लागला. "पण एक गणित बसत नाही. या सगळ्या कारभारात तेल मावतं दीड लिटर. मी उपसलं पाच. थेंब थेंब गळत होतं, ते ठीक. पण वरून घालत कोण होतं?"

"कोणी नाही. मी तर ते झाकण कधी उघडलंच नाही."

"ते दिसतंच आहे."

बोटवाला आठवू लागला. पहिल्या फेरीआधी बोटीवर दुसरं एकच माणूस यायचं. त्याची आई. हातात कापडी पिशवी, ओठांवर भजन. तो मागे इंजिनाशी खटपट करायचा, तोवर ती चाकापाशी बसून काहीतरी पुसत राहायची. रोजचे उतारू हसायचे. "कॅप्टन, पूजा आटोपली का? निघायचं का?" आठ दिवसांपूर्वी एकदा त्याचा पारा चढला. "आई, हे काय देऊळ आहे? उद्यापासून येऊ नकोस बोटीवर." ती बरं म्हणाली. तेव्हापासून ती धक्क्यावरच्या बाकावर बसायची. आताही तिथेच होती, मांडीवर पिशवी घेऊन.

मिस्त्रीने त्याच्या नजरेमागे नजर नेली.

"वहिनी!" त्याने हाक मारली. "पिशवीत काय आहे?"

ती चोरी पकडल्यासारखी उठली. पिशवीतून एक फडकं काढलं, मग चोच असलेली तेलाची बाटली.

"ह्यांनी शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं, भावजी. रोज झाकण उघडायचं. आतल्या रेघेच्या खाली तेल गेलं तर रेघेपर्यंत भरायचं. बाटल्या पलंगाखाली ठेवल्या होत्या, ही शेवटची. आधी कधीमधी लागायचं. अलीकडे रोजच कमी व्हायचं. मला वाटलं, म्हातारं चाक, दिव्यासारखं जास्त तेल पीत असेल."

"आणि मला नाही सांगितलं?" बोटवाल्याने विचारलं.

"हे मला म्हणाले, त्याला काही सांगायला गेलं की 'माहितेय' म्हणतो. तू बघ."

मिस्त्री हसायला लागला आणि हसताहसता त्याने डोळे पुसले. "वहिनी, तुम्ही भरत राहिलात म्हणून गळती कळली नाही. पण भरलं नसतंत, तर सहा महिन्यांपूर्वीच ही बोट धक्क्यात घुसली असती. माझा नट आणि ह्याचा आळस, दोन्ही तुम्ही पदराखाली घेतलंत."

मग नट आवळला, तेल भरलं. उरली नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एक चाक फिरवायला, एक मागे इंजिनाशी बुडबुडे बघायला. मिस्त्री मागे गेला. "चल, चाकापाशी बस," तो म्हणाला.

बोटवाला बसला नाही. बोटीतून उतरून बाकापाशी गेला, आईचा हात धरला. "जपून पाय टाक, आई," म्हणाला. आणि तिला चाकापाशी बसवून झाकणापाशी वाकला. "मला ती रेघ दाखव. मला माहीत नाही."

तर मंडळी, उद्या सकाळी तुमचं चाक हाताला असं मऊ लागलं, तर बाकावर बसवून ठेवलेल्या त्या माउलीची आठवण काढा.