बेटावरचा वैरी

गेल्या हंगामात पेठांच्या फुटबॉल मॅचमध्ये सोहेलनं आडवा पाय घालून कामिलचा गुडघा मोडला होता. तोच सोहेल आता मालदीवच्या एका क्लबकडून बेटांवरच्या क्लबांची स्पर्धा खेळत होता, आणि तो हरावा म्हणून कामिल घरात बसून मोबाईलवर त्याची एकूणएक मॅच बघत होता.

फायनलला सोहेलला कुणीतरी मागून उडवलं. तो पडला, तो उठेचना. स्ट्रेचर आत आलं.

"बरं झालं," कामिलची बायको नुजहत म्हणाली, "केलेलं इथंच भरलं मुडद्यानं."

कामिल कुबडी न घेताच ताडकन उभा राहिला.

"ऊठ की लेका!" तो मोबाईलवर ओरडला. "मी बरा हुईस्तवर पडायचं न्हाय! तुला पाडणार त्यो मीच!"