उंबऱ्यावरचा पिंजरा

सरांची अख्खी हयात सुई चालवण्यात गेली. अणू चाचपून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या सुईने ते कार्बनच्या अणूंचे इवले, पोकळ पिंजरे एकेक ढकलून जागेवर बसवत. त्यांच्या विद्यार्थिनीने मात्र सोन्याच्या पत्र्यावर आधी रेणूंची जाळी पसरली, वर पिंजरे शिंपडले आणि सांगितलं, "जाळीत घरं आखून दिली आहेत, ते आपणहून बसतील." "अगं, पिंजरे काय गुरं आहेत, संध्याकाळ झाली की आपापली गोठ्यात यायला?" सर हसले. पण पडद्यावर एकेक घर भरत गेलं. शेवटी एकच रिकामं उरलं, आणि त्याच्या उंबऱ्यावर एक पिंजरा अडून बसला. सरांचा हात सवयीने सुईच्या बटणाकडे गेला. तिने मनगटच धरलं. "सर, सुईने ढकललंत तर सगळी जाळी उसवेल. थांबा." पुढचं चित्र ओळीओळीने उतरलं, घर भरलेलं होतं. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी सर दोन्ही हात खिशात घालूनच प्रयोगशाळेत आले.