खलीलचा गुडघा

"अजून दुमड," शौनक म्हणाला. खलीलने पाय थोडा आणखी दुमडला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"दुखतंय?"

"दुखतंय."

शौनकने स्क्रीनवरचा स्कॅन पुन्हा पाहिला. जुन्या ऑपरेशनची जागा छान भरून आली होती, सूज नव्हती. पण दुखणं स्कॅनमध्ये दिसतंच असं नाही. चांगले धडधाकट दिसणारे गुडघे ऐन सामन्यात दगा देताना त्याने पाहिले होते.

शौनक मूळचा नाशिकचा, दोह्यातल्या एका फुटबॉल क्लबचा फिजिओ. खलील ट्युनिशियातल्या स्फॅक्सचा, क्लबच्या बचावफळीतला सगळ्यात भरवशाचा गडी. त्याचा करार महिनाअखेर संपत होता. मनात आलं तर तो खलीलला न विचारता आणखी दोन वर्षं वाढवायचा हक्क क्लबकडे होता, आणि क्लबच्या मनात काय येणार हे या गुडघ्यावर ठरणार होतं. वर्ल्ड कप जवळ येत चालला होता. शहरभर स्टेडियमं उभी राहत होती, अनुभवी गडी सगळ्यांनाच हवे होते. दुखणाईत गडी मात्र पोसायला कोणी तयार नव्हतं.

"काय लिहिशील?" खलीलने विचारलं.

"बघतो."

"बघायचं काय त्यात? आहे ते लिही. तू खोटं लिहीत नाहीस, म्हणून तर मी निवांत आहे."

शौनकला भरून आलं. पोटावर पाय यायची वेळ आली, तरी हा माणूस रदबदली करायला तयार नाही!

"एक विचारू?" शौनक म्हणाला. "आईला उचललंस, तेव्हापासूनच ना हे?"

खलील बुटाची नाडी बांधत राहिला. "तेव्हापासूनच म्हण. पण तिचा काही दोष नाही."

गेल्या वर्षी क्लब मस्कतला खेळायला गेला होता, सोबत शौनकही. दोन पिवळी कार्डं मिळून एका सामन्याची बंदी आल्यामुळे खलील दोह्यातच होता. अल नस्र भागातल्या घरात शौनकच्या आईच्या, सरोजताईंच्या, छातीत दुखायला लागलं. लिफ्ट नेमकी बंद. शौनकचा मस्कतहून फोन येताच खलील धावत आला आणि त्यांना दोन्ही हातांवर घेऊन चार मजले उतरला. शौनक परत येईपर्यंत तो हॉस्पिटलमधून हलला नाही. सरोजताई शुद्धीवर आल्या तेव्हा तो त्यांचा हात धरून बसला होता, आणि रडत होता. त्याची स्वतःची आई स्फॅक्सला एकटी राहायची. विमानात बसायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खलील लंगडायला लागला.

संध्याकाळी शौनकने आईला सगळं सांगितलं. सरोजताईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

"म्हणजे तुझ्या एका शब्दाने त्याची नोकरी जाणार?"

"आई, तो स्वतःच दुखतंय म्हणतोय. मी नाही कसं लिहू?"

"मला उचलताना त्याने विचार केला का, गुडघ्याचं काय होईल म्हणून?"

"आणि उद्या मैदानात काही झालं तर?"

"तर तू आहेस ना? रोज शेक, रोज चोळ. मी तेल पाठवते."

फिजिओथेरपी म्हणजे तेल लावणं, अशी सरोजताईंची पक्की समजूत होती आणि शौनकने ती दूर करायचा नाद केव्हाच सोडला होता. पण बाकीचं बोलणं त्याला खोटं पाडता येईना. आज आई समोर बसून त्याला झापत होती, ती खलीलमुळेच. त्याचं हे ऋण फेडायला दुसरी संधी मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्ट लिहिला. 'वेदना नाही. दुखापतीचा धोका कमी. खेळण्यास योग्य.' त्याचे कान लाल झाले. नोकरीत त्याने लिहिलेलं हे पहिलं खोटं होतं. पकडला गेला असता तर त्याचाही करार गेला असता. तरी सही करताना त्याला फार दिवसांनी हलकं वाटलं.

आठवड्याभरात क्लबने करार वाढवला. ही बातमी आपणच द्यायची म्हणून शौनक आईला घेऊन बिन महमूद भागात खलीलच्या घरी गेला. सरोजताईंनी डबाभर बेसनाचे लाडू घेतले होते.

दार खलीलनेच उघडलं, लंगडतच. बैठकीत खोकी रचलेली होती, भिंतीवरच्या तसबिरीही उतरवलेल्या.

"बिचाऱ्यांनी धसकाच घेतलाय," सरोजताई मराठीत पुटपुटल्या.

"आवराआवर बंद करा!" शौनक म्हणाला. "दोन वर्षं कुठेही जायचं नाही. क्लबने करार वाढवला."

खलीलची बायको सुरय्या चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली. "दोन वर्षं?"

"पूर्ण दोन वर्षं. आज क्लबची सही झाली."

खलील खाली बसला. "तू काय लिहिलंस?"

"जे लिहायला हवं होतं ते. तू माझ्या आईसाठी जे केलंस, त्यापुढे हे काहीच नाही."

खलील त्याच्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने शौनकला मिठी मारली. "शुक्रन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. सरोजताईंनीही डोळ्यांना पदर लावला, सुरय्याच्या हातात लाडू दिला आणि खलीलच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आपण योग्य तेच केलं, याबद्दल शौनकच्या मनात तिळभर शंका उरली नाही.

निघताना सरोजताई दाराबाहेर चपला घालत होत्या. आतून सुरय्याचा आवाज आला. ती फोनवर सासूशी बोलत होती. खेळाडूंना रोज उठवून, बसवून, चालवून शौनकला कामापुरतं अरबी यायला लागलं होतं, आणि सुरय्या अवघड काही बोलत नव्हती.

"नाही, उम्मी. आम्ही येत नाही. अजून दोन वर्षं. रडू नका ना."

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली असावी.

"खलास," ती म्हणाली. "आता तरी ते लंगडणं सोड आणि नीट चाल."