मोकळे हात

पेला निम्मा भरलेला असला, तर हात थरथरूनही द्राक्षरस काठाबाहेर येत नाही. पाऊण भरला, की येतो. कमळाकर पाळकांनी हे स्वतः करून पाहिलं होतं. तेव्हापासून पेणच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाचे छोटे पेले निम्मेच भरले जात. कोणी काही विचारलं नाही. हाताचं हे दुखणं वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. मंडळी दुसऱ्याच्या हाती सोपवायला हवी होती. नाताळ होऊ दे, असं ते मनाशी म्हणाले. नाताळ झाला. मग ईस्टरही झाला.

आज ते रोह्याच्या शिबिरात, उजवा हात खिशात ठेवून, मंडळीत कामं सांभाळणाऱ्या पुढाऱ्यांना शेवटचा पाठ शिकवत होते. प्रत्येकाने आपलं एक काम सोडायचं आणि ते कोणाला देणार, त्याचं नाव मोठ्याने सांगायचं. "जो काम सोडत नाही, तो दुसऱ्याला वाढू देत नाही," हे वाक्य ते दर वर्षी सांगत. दर वर्षी या पाठाला पेणची माणसं कुरकुरत. काम सोडायला कोणीच राजी नसे.

आज उपासनेत कीबोर्ड वाजवणारा प्रणित आपणहून उठला. "कीबोर्ड अमोलला."

"तू तर कुणाला बोट लावू द्यायचा नायस," हौसाबाई म्हणाल्या.

"आता देतो."

शाळेत विज्ञान शिकवणारी अनिता उठली. मुलांचा रविवारचा वर्ग तिने शून्यातून उभा केला होता. "वर्ग ऋतुजाला. तिला कालच सांगितलंय."

हौसाबाई खाडीकाठच्या गावांत आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जात. त्या बसूनच बोलल्या, "माझं काम सुनेला. ती कमी बोलते. आजाऱ्याला बरंच."

सगळे हसले. कमळाकरही हसले. "तिघं मोकळी झालात. आता रविवारी घरी झोपा काढणार व्हय?"

"झोपा कशाला?" हौसाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव राहिलंय."

"शिकवणाऱ्याचा नंबर शेवटी. आधी चहा."

दर वर्षी नेमका इथेच चहा येई, आणि नंतर हा विषय निघत नसे. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"चहा मी थांबवलाय," हौसाबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही. उभं राहून पाय दुखतील."

ते बसले. समोर अनिता होती. तो वर्ग म्हणजे तिचा जीव होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हळूच विचारलं, "अनिता, मग तू काय करणार गो?"

"ते तुम्ही सांगायचंय, पास्टर."

तिच्या आवाजात घाई नव्हती, आर्जवही नव्हतं. कमळाकरांनी प्रणितकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे. कोणीही नजर खाली घातली नाही. तिघांनाही हाताचं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. आणि ते बोलून दाखवून कमळाकरांना उघडं पाडण्याऐवजी या तिघांनी आपापली आवडती कामं खाली ठेवून वाट मोकळी केली होती.

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. त्यांनी तो झाकला नाही.

"रविवारपासून पेणची मंडळी अनिता चालवेल," ते म्हणाले. "मला तिच्या हाताखाली एखादं काम द्या. एका हाताने होईल असं."